न आलेला नववा पॅच

जगभरची माणसं मिळून जी खुली ऑपरेटिंग सिस्टिम चालवतात, तिच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एक जुना ड्रायव्हर आहे, म्हणजे नेटवर्क कार्ड चालवणारा प्रोग्राम. सतरा वर्षं एकच माणूस तो सांभाळत होता, तेही फुकट. लोकांनी दुरुस्त्या, म्हणजे पॅच, मेलने पाठवायचे; याने ओळ न् ओळ तपासायची; पसंत पडला तर पुढे द्यायचा. पण एका फटक्यात पसंत पडेल तर शपथ! लोकांनी त्याचं नावच 'चाळणी' पाडलं होतं.

आता मात्र चाळणीचा जीव मेटाकुटीला आला होता. डोळे कामातून गेलेले. जेवायला बसलं की मेल, पाहुणे आले की मेल.

बायको म्हणाली, "अहो, सोडा की ते! कोणी हारतुरे घेऊन उभं आहे का तुमच्यासाठी?"

"सोडतो गं. पण कुणाच्या तरी हाती दिल्याशिवाय कसं सोडू? इस्पितळांत अजून तीच कार्डं आहेत."

खरी गोम तिथेच होती. दुसरं माणूस मिळालं तरच सुटका. त्याने सगळ्यांना तशी मेल टाकली. तीन आठवडे झाले, कुणी फिरकलंसुद्धा नाही. मग त्याने जुन्या मेल उपसायला घेतल्या आणि त्यात ती सापडली.

एका शाळेतली शिक्षिका. कार्ड मधेच बंद पडतं, त्यावर तिने चार वर्षांपूर्वी पॅच पाठवला होता. याने तो आठ वेळा परत केला. आधी चुकांसाठी, ते ठीक. पण शेवटच्या तीन वेळा? वर्णनाची ओळ लांब झाली, एक रिकामी ओळ जास्त पडली! अरे, ती काय शुद्धलेखनाची वही तपासायला देत होती? नववा पॅच आलाच नाही.

त्याने आठवा पुन्हा वाचला. निर्दोष होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या नावाने तो पॅच पुढे देऊन त्याने तिला लिहिलं, "माझं चुकलं. हा ड्रायव्हर तुम्ही सांभाळाल का? तुमच्याइतका तो कुणालाच कळलेला नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "आभारी आहे, सर. पण मला हे जमत नाही, असं तेव्हाच पटलं. त्यानंतर मी कोडची एक ओळही लिहिलेली नाही."

बायको दारातून डोकावली. "काय हो, मिळालं का कुणी?"

"मिळालं होतं," तो म्हणाला. "मीच हाकलून लावलं."