नाक्यावरची नेत्रा

आमच्या कमळावहिनीला तसं काही कमी नाही. टेमघरला तीन मजली घर, पूर्णेला भाड्याने दिलेली गोडाऊनं, आणि नवरा, म्हणजे माझे थोरले दीर केसरीनाथ, बायकोच्या शब्दाबाहेर नाही. मूल तेवढं नव्हतं. मी धाकटी जाऊ, वरच्या मजल्यावर राहते. मला दोन मुलगे, दोघेही असे की दिवसाआड कुणीतरी कागाळी घेऊन दारात उभं असतं. कुणाची काच फुटलेली, कुणाच्या पोराचं डोकं. माझी त्या बायांशी जुंपली की वहिनी जिन्यात येऊन उभी राहायची. मला वाटायचं, फुकटचा तमाशा बघते. पुढे कळलं, तिला हेवा वाटायचा. आपल्याही दारात कुणीतरी यावं आणि ओरडावं, "बघा तुमच्या पोरीनं काय केलं!" बायका देवाकडे सोनं मागतात, हिने कागाळी मागितली.

मग गेल्या वर्षी नेत्रा आली. सात वर्षांची, बालगृहातून दत्तक घेतलेली. आणि देवाने वहिनीची अशी थट्टा केली की काय सांगू, ही पोर कसली म्हणून खोडी करीना. उठली की आपल्या चादरीची घडी करी. जेवली की ताट धुऊन पालथं घाली. "पाणी घेऊ का?" "बाथरूमला जाऊ का?" "आता झोपू का?" घरात येणारी प्रत्येक बाई म्हणे, काय शहाणी पोर! मी म्हणायचे, "वहिनी, आठवडाभर माझे दोन घे आणि तुझी मला दे." वहिनी हसायची नाही.

आई तर ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती. एकदा कोलंबी सोलता सोलता वहिनी मला म्हणाली, "मनाली, ती मना आई म्हनते ना, तवा वाटते हजेरी देते." आणि तिने ओल्या हातानेच डोळे पुसले.

मूल हातात दिलं की दत्तक देणाऱ्या संस्थेचं काम संपतं असं मी समजत होते. तसं नसतं. संस्थेच्या धम्मदिनाताई मधूनमधून घरी येत. नेत्राशी एकटीशी बोलत, मग नवराबायकोशी. अडीनडीला फोन करा म्हणत. केसरीनाथदादांना सुरुवातीला वाटे की ही तपासणीच. ताई येणार म्हटलं की धाड पडणार असल्यासारखं सगळं घर पुसून घ्यायचे आणि सुरमई आणायचे. ताई चहा घेऊन जायच्या. सुरमई माझे मुलगे खायचे.

अशीच मुलं घेतलेल्या आईबापांची एक बैठकही ताई घेत. तिथे प्रत्येकाचं गाऱ्हाणं. कुणाचा मुलगा उशीखाली चपात्या लपवतो, कुणाची मुलगी चावते, कुणी भिंती रंगवल्या. वहिनीची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "आमची कायच करत न्हाय," आणि रडायलाच लागली. बाकीचे म्हणाले, नशीबवान आहात. ताई तेवढ्या म्हणाल्या, "ती अजून पाहुणी आहे, कमळाताई. पाहुणा कधी त्रास देतो का? थोडं थांबा. तिला खात्री पटली की भांडेल." तेव्हापासून वहिनी त्या भांडणाची वाट बघत होती. लोक पावसाची बघत नाहीत इतकी.

मधेच नेत्राचा वाढदिवस आला. आमच्याकडे कुत्र्याचा वाढदिवस असला तरी नाक्यावर बॅनर लागतो, मग ही तर केसरीनाथची मुलगी. दादांच्या दोस्तांनी केवढा तरी बॅनर ठोकला. मधोमध नेत्राचा हसरा फोटो. खाली शुभेच्छुकांची रांग, सगळे गॉगल लावून. आणि वर ठळक अक्षरात, "अनाथ बालिकेस आधार देणारे आदर्श माता-पिता." दादांना ते वाचून भरून आलं. नेत्रालाही तो फोटो आवडला. शाळेची रिक्षा नाक्यावर आली की ती सरकून त्या बाजूला बसे आणि मान वळवून मागे बघत राही. ही एकच गोष्ट ती न विचारता करायची.

पुढच्या खेपेला धम्मदिनाताईंनी तो बॅनर पाहिला. घरात आल्या त्याच कपाळाला हात लावून. "केसरीनाथभाऊ, तिची गोष्ट तिची आहे. ती नाक्यावर टांगायची नसते. उतरवा तो. पण आधी तिला सांगा, का उतरवताय ते. तिला विचारा. मगच हात लावा."

दादा हो हो म्हणाले, आणि ताईंची गाडी वळली न वळली तोच माणसं पाठवून बॅनर खाली. पोरांना विचारून कामं करायची रीत आमच्यात कुठली? लग्नाच्या मुलींना विचारायला आत्ता कुठे शिकलेत.

दुसऱ्या दिवशी नेत्रा शाळेतून आली. नाक्यावर तिच्या जागी कुणा भाऊंचा वाढदिवस लागला होता. वहिनी गच्चीवर घातलेले कपडे काढून खाली आली तर पलंगावर नवे फ्रॉक घडी करून एकावर एक ठेवलेले, वर बाहुली. आणि नेत्रा बालगृहातून आणलेला, आता गुडघ्याच्या वर गेलेला फ्रॉक घालून, जुनी पिशवी मांडीवर घेऊन बाहेरच्या पायरीवर बसलेली.

"गाडी कधी येणार?" तिने विचारलं.

"कंची गाडी, बाय?"

"मला न्यायला. नाक्यावरचा फोटो काढून टाकला ना."

बालगृहाच्या भिंतीवर सगळ्या मुलांचे फोटो होते म्हणे. ज्याला न्यायचं त्याचा फोटो भिंतीवरून उतरवायचे, मग गाडी यायची.

"मनाली!" वहिनीची हाक अशी आली की मी गॅस तसाच ठेवून पळाले. ती नेत्रापुढे उकिडवी बसली होती. "कंचीच गाडी येत न्हाय. तू आमची हायेस. आमचीच."

"बरं," नेत्रा म्हणाली.

तेवढ्यात दादा आले. प्रकार कळताच घाबरून म्हणाले, "अगं, तो ताईंनी उतरवायला सांगितला!" वहिनीने त्यांना हातानेच गप्प केलं. "ताईंचा नाव कशाला? आमी उतरवला, नेत्रा. तुला न इचारता."

नेत्रा उभी राहिली. "का नाही विचारलं?"

वहिनीने हात पुढे केला, तो नेत्राने झटकला.

"मी सगळं विचारते. मी पाणीपण विचारून पिते! मग तू का नाही विचारलंस? माझा फोटो होता!"

आणि तिने पिशवी फेकली, वहिनीच्या अंगावर धावली आणि दोन्ही मुठींनी मारत सुटली. आवाज असा की समोरच्या यंत्रमागांवरच्या कामगारांनी माना बाहेर काढल्या. फाटकाशी चार बाया जमल्या, त्यांना मी माझ्या तोंडाने वाटेला लावलं. दादांनी ताईंना फोन लावला, "ताई, पोर आईला मारते!" काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण दादा पायरीवर बसले आणि फोन कानाला लावून लहान मुलासारखे रडायला लागले.

वहिनी मार खात होती. "न्हाय इचारला," एवढंच म्हणत होती. "चुकला माजा. चुकला."

जेवायच्या वेळी नेत्रा पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडली होती. पिशवीतलं काही अजून बाहेर काढलं नव्हतं, आणि वहिनीनेही हात लावला नव्हता. तिने तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण आणून जवळ ठेवलं. "जेव गो."

"नाही जेवणार."

बराच वेळ झाला. कालवण निवलं. आता राहू दे, अशी मी वहिनीला खूण केली. ती ताट घ्यायला वाकली, तशी भिंतीकडून आवाज आला,

"ताट उचलू नको. मी अजून रागावलेय."

वहिनीने ताट होतं तिथे ठेवलं आणि शेजारी फरशीवर बसली.