पाहुणीपुढे शहाण्या

सकाळी साडेआठला इन-सुक सासूबाईंची चादर भिजत घालत होती. रात्रीपासूनची ही तिसरी. गॅसवर मुळ्याचं सार उकळत होतं. शाळेच्या स्वयंपाकघरातून तिने घेतलेली रजा शनिवारी संपत होती. सासूबाईंना दिवसा सांभाळणाऱ्या केंद्रात जागा मिळाली नाही, तर नोकरीच सोडावी लागणार. जागेसाठी सरकारी काळजी-विम्याची श्रेणी हवी, आणि माणूस किती परावलंबी आहे ते बघून ती ठरवायला तपासनीस मॅडम आज यायच्या होत्या.

दारावर टकटक झाली.

आणि सासूबाई, ओक-बुन आजी, पालटल्याच. पहाटे हातातल्या चमच्याचं काय करायचं ते त्यांना उमगत नव्हतं. आता केसांवरून हात फिरवून त्या ताठ बसल्या.

"या, या! उन्हातून आलात. ए बाई, पेअर आण गं. मीच सोलते."

नामवनच्या बाजारात चाळीस वर्षं त्यांनी किमचीचं, आंबवलेल्या भाज्यांचं, दुकान चालवलेलं. पेअरची साल कुठेही न तुटता उतरली. हे असंच चाललं तर श्रेणी कसली मिळणार, इन-सुकला वाटलं.

"आजी, वय काय तुमचं?"

"वाघाच्या वर्षी जन्मले मी, दर बारा वर्षांनी येतं ते. शिकल्यासवरल्या दिसता, करा की हिशेब!"

"आज तारीख काय?"

"म्हातारीला तारीख विचारता? न्यायला आलात की काय?"

मॅडमना हसू आवरेना.

"आंघोळ स्वतः करता?"

"अगं बाई! तुम्हाला कोण घालतं?"

कागदावर खुणा होत गेल्या. ओल्या चादरींची गोष्ट सासूच्या तोंडावर, परक्या बाईपुढे कशी काढायची? तीस वर्षांत इन-सुकने त्यांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं.

"आणि ह्या कोण?" मॅडमनी तिच्याकडे पाहत विचारलं.

"ही? कामाला येते. सून फार गुणाची हो माझी. पण हल्ली फिरकतच नाही."

"काय आजी, समोरच्या सुनेला किती टोचाल!"

पाहुणी हसली म्हणून इन-सुकही हसली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. पेअरची फोड पुढे करून त्या दाराकडे बघत राहिल्या.

मॅडम खाली उतरू लागल्या, तशी इन-सुक अनवाणीच जिन्यात धावली.

"मॅडम, ती थट्टा नव्हती. आई मला ओळखत नाहीत. पाहुणं आलं की सगळं बळ एकवटून शहाण्या होतात, तेवढा अर्धा तास. मग दोन दिवस उठत नाहीत."

मॅडमनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, तेव्हा इन-सुक पुढे म्हणाली,

"एकदा न कळवता या. संध्याकाळी, पाचनंतर. तेव्हा ते बळ उरत नाही."