आजीच्या कबरीवरचं मेण

मागच्या लेखात माझ्या दोन चुका झाल्या. ईस्टरच्या पहाटे आम्ही धुळ्याला आजीच्या कबरीवर गेलो, त्याबद्दल मी लिहिलं होतं. मृतांसाठीच्या प्रार्थना इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने बंद केल्या, म्हणून आम्ही प्रोटेस्टंट कबरीवर मेणबत्ती लावत नाही, असं त्यात होतं. शिवाय, दरवर्षी कुणी टवाळखोर तिथे मेण सांडून जातो आणि आबा व मी ते सुरीने खरवडतो, असंही.

त्याखाली पिंपळनेरहून अभिप्राय आला : ‘हेन्री नाही, त्याचा मुलगा एडवर्ड. आणि टवाळखोर मी.’

ती माझी आत्या. कॅथलिक घरात लग्न केलं तेव्हापासून आबा, म्हणजे माझे वडील, तिच्याशी बोललेले नाहीत. मी तिला भेटायला जाते म्हटल्यावर ते एवढंच म्हणाले, “पाण्याची बाटली घे.”

जळगावहून धुळ्याच्या एसटी भरपूर आहेत. पारोळ्यानंतर रस्ता बरा. धुळ्याला गाडी बदलून साक्रीमार्गे पिंपळनेर. बायकांना अर्धं तिकीट. स्टँडसमोर शेवभाजी खाल्ली, तर्री बेताची सांगायला विसरू नका.

आत्या दारातच उभी होती. “तुला चौथीपर्यंत दादाने घरीच शिकवलं ना? मग हेन्री कसा चुकला? त्याने तर मेल्यावर स्वतःच्या आत्म्यासाठी मिस्सा, चर्चमधल्या प्रार्थना, सांगून ठेवल्या होत्या!”

“आबांनी बरोबर शिकवलं असेल. मीच विसरले.”

“एडवर्डने चर्चमधल्या दगडी वेद्या काढून लाकडी टेबलं ठेवली, त्याच्या बहिणीने, मेरीने, वेद्या परत मांडल्या, दुसरीने, एलिझाबेथने, पुन्हा काढल्या. सुतारांचं बरं चाललं असेल.”

आत्याचे यजमान, काका, भाकरी मोडत अहिराणीत म्हणाले, “बठ्ठा राजा मरी ग्यात. हाई भाऊ-बहीण अजून लढी ऱ्हायनात.”

मग मी विचारलं, मेण कधीपासून? दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, ती एकटी धुळ्याला जाते. एकच मेणबत्ती लावते. मी सात वर्षांची असल्यापासून तिच्या मेणबत्तीचं मेण खरवडत होते, आणि साफ झालं की आबांकडून शाबासकी घेत होते. तसं सांगून टाकलं. आत्या हसली. “मग चांगलंच झालं. दरवर्षी मला जागा स्वच्छ मिळायची.”

यंदा मात्र गुडघे चालत नाहीत. पायरी उतरतानाही ती काकांचा खांदा धरते. माझ्याऐवजी तू जा, असं तिने सांगितलं नाही, फक्त निघताना पिशवीत चिक्की घातली.

घरी आल्यावर इथपर्यंतचा लेख आबांना वाचायला दिला. माझं सगळं लिखाण तेच तपासतात. एडवर्डच्या ओळीवर त्यांनी मान हलवली. टवाळखोर कोण, तिथे आल्यावर चष्मा काढला.

“मला माहीत होतं.”

“मग खरवडायचं कशाला?”

“ते आपल्यात नाही म्हणून.” त्यांनी चष्मा पुसून परत घातला. “पण मेण दिसलं की कळायचं, ती बरी आहे.”

मी म्हटलं, यंदा तिथे मेण नसेल. मी लावून येते. तुम्ही येता?

“बघू,” म्हणाले. पण संध्याकाळी मेण खरवडायची ती सुरी कापडातून सोडवून त्यांनी स्वयंपाकघरात ठेवली, भाजीच्या सुऱ्यांत.

एक मेणबत्ती आणली आहे. सोमवारी, दोन नोव्हेंबरला, सकाळच्या पहिल्या गाडीने मी धुळ्याला जाणार.