मधल्या दाराला मांजरापुरतं भोक

आमच्या घराची वाटणी झाली त्या दिवशी मांजरी आपली पिल्लं हलवत होती. बिचारीला काय ठाऊक की आज मुहूर्त वाईट आहे!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या दक्षिण टोकाला, जिथून पुढे हुडकेश्वरपर्यंत नुसती शेतं दिसायची, तिथे वडिलांनी आणि धाकट्या काकांनी मिळून प्लॉट घेतला आणि चार खोल्या बांधल्या. पुढच्या दोन आमच्या, मागच्या दोन काकांच्या. आमचं फाटक पुढच्या गल्लीत, त्यांचं मागच्या. मधे एक सागवानी दार. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला गेलो तोवर ते दार दिवसरात्र उघडं असायचं. आई फोडणी टाकायची आणि ठसका काकूला लागायचा.

भांडण कशावरून झालं ते मला आजही धड सांगता येणार नाही. कूलरमध्ये पाणी कोणी भरायचं इथून निघालं आणि आजोबांच्या आजारपणात उशाशी कोण बसलं होतं इथवर जाऊन पोचलं. नात्यातले दोन वडीलधारे मधे बसले आणि भर मे महिन्यात वाटणी झाली. कूलर काकांकडे, रेडिओ आणि टेबलफॅन आमच्याकडे. दोघंही आपला हक्क सोडेनात म्हणून खल आमच्याकडे आला आणि बत्ता त्यांच्याकडे गेला. त्यानंतर महिनाभर दोन्ही घरांत शेंगदाण्याचा कूट झाला नाही. आमच्या खलात आई चाव्या ठेवू लागली.

मग मधलं दार लागलं. इकडून आमची कडी, तिकडून त्यांची.

आता मांजरी. ती दोन्ही घरांची होती. वाटणीत तिचं नाव कोणी काढलं नाही. आमच्या पलंगाखाली तिला तीन पिल्लं झाली होती आणि मांजरांच्या रीतीप्रमाणे ती जागा बदलत होती. दोन पिल्लं मानेला धरून काकूच्या कोठीत नेऊन ठेवली, तिसऱ्यासाठी वळली तर दार बंद. एक पिल्लू आमच्याकडेच राहिलं. राखाडी रंगाचं, नुकते डोळे उघडलेलं, मुठीएवढं.

साध्या माणसांनी काय केलं असतं? पिल्लू उचलून मागच्या फाटकातून काकूच्या हातात दिलं असतं. पण आम्ही ताजी वाटणी झालेली माणसं होतो.

"दोन तिकडे, एक इकडे," वडील म्हणाले. "कूलर गेला, आता हेही देऊन टाकायचं? हे आपल्या वाटणीचं आहे."

आईने धान्याची टोपली आणली आणि पिल्लू तिच्यात ठेवलं. सकाळ-संध्याकाळ दारं-खिडक्या उघडल्या की मांजरी गच्चीवरून आमच्याकडे यायची. टोपलीत शिरून पाजायची. पाजून झालं की पिल्लाची मान तोंडात धरायची, आणि तेवढ्यात आमच्यातलं कोणीतरी झाडू आपटायचं. ती पिल्लू टाकून पळायची, की टोपलीवर झाकण. या पहाऱ्यात माझीही पाळी असे, आणि मी तो झाडू मोठ्या ऐटीत आपटत असे. आमच्या घरी येऊन दूध पाजायला तिला मुभा होती. पोर न्यायला मात्र नव्हती.

पण उन्हं चढली की नागपुरात घरं डबीसारखी बंद होतात. दिवस वर आल्यापासून कलेपर्यंत मांजरी काकांच्या बाजूला अडकायची. ती तिकडून मधलं दार ओरबाडायची आणि पिल्लू इकडून रडायचं. दुपारभर तेच. आई कापसाची वात दुधात बुडवून त्याच्या तोंडाला लावायची. ते तोंड फिरवायचं. हळूहळू त्याचं रडणं बारीक होत गेलं. ते मला जास्त वाईट वाटायचं.

एक दिवस शेजारच्या बाईंनी कुंपणावरून विचारलं, "काहून वं, तुमच्याकडं कोणाचं लेकरू रडून राहिलं?"

आई म्हणाली, "पाहुणे आहेत." आणि आत येऊन तिने वडिलांसमोर टोपली ठेवली.

"अहो, हे मरून जाईल. एकतर देऊन टाका, नाहीतर कडी काढा."

"आधी त्यानं काढावी. दार त्यानं लावलं."

"दोघांनी लावलं. मी उभी होते ना तिथं."

वडील वर्तमानपत्रात गेले. मग कागदाआडून त्यांचा आवाज आला. मांजरापुरतं भोक पाडायला त्यांची हरकत नव्हती. कडी लागलेलीच राहील, कोणी कोणासमोर वाकणार नाही, आणि मांजरी दुपारीही येऊन पाजून जाईल.

"आणि तिनं नेलं तर?" आईने विचारलं.

"नेऊ द्यायचं नाही."

पण दार दोघांचं होतं. म्हणजे काकांची संमती हवी. म्हणजे दूत हवा. तो मी. डोक्याला दुपट्टा बांधून, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घालून, तापल्या वाऱ्याची लू अंगावर घेत मी गल्लीला वळसा घातला. खरं तर त्याची गरज नव्हती. वडील काय म्हणाले ते काकांनी दारातून ऐकलेलं होतं. तरी दूताने येऊन सांगितल्याशिवाय ते ऐकलं असं धरायचं नाही, हा दोन्ही बाजूंचा नियम होता.

काका बनियनवर कूलरसमोर बसले होते. मी निरोप सांगितला. ते डोळे बारीक करून हसले.

"समजलं मले. मांजरीचं नाव, आणि आमच्या कूलरचा गारवा खेचून घ्यायचा! तुझ्या बापाले सांग, इतका लहान नाही राहिलो मी."

दाराच्या पलीकडून वडील गरजले, "त्याले म्हणा, तुझा वारा फुकट दिला तरी नको मले! आम्ही घामात बसू!"

"बसा ना! कोण नाही म्हणते?"

दार अंगठाभर जाड. भाऊ एकमेकांपासून चार हातांवर. आणि मी मधला निरोप्या, काकूने दिलेलं पन्हं पीत उभा. खरं सांगतो, मला तेव्हा मजा येत होती.

काकू आतून म्हणाली, "अहो, भोकाला रबराचा पडदा लावा ना. सायकलची जुनी ट्यूब आहे. वारा जाणार नाही, मांजर जाईल."

संमती मिळाली, पण अटीवर. दार सामायिक, म्हणून अर्धं भोक ते कापणार आणि अर्धं वडील. सुतार बोलवायचा नाही, गल्लीत बोभाटा होईल. वडिलांची अट एकच होती, मांजरीने पिल्लू नेलं तर ते परत करायचं. काका दारातून म्हणाले, "सांग त्याले, परत करू. आम्हाले दोन आहेत."

हे वाक्य वडिलांना लागलं. पण टोपलीतून आता आवाजच येईनासा झाला होता, म्हणून ते उठून गिरमिट शोधू लागले.

मग सुरू झालं काम. करवत एकच. वडिलांनी गिरमिटाने कोपऱ्यांत भोकं पाडली, गुडघ्यांवर बसून एक उभी बाजू कापली. करवत घेऊन मी फाटकातून फाटकात. काकांनी तिकडून दुसरी उभी बाजू कापली. वरची आणि खालची कड कोणाची यावर वाद झाला आणि त्या अर्ध्या-अर्ध्या ठरल्या. पुन्हा करवत घेऊन मी उन्हात. शेजारच्या बाई कुंपणाशी उभ्या होत्या.

"घर बांधून राहिले का गा पुन्हा?"

"नाही जी," मी म्हणालो. पुढे काय सांगायचं? मांजरासाठी चाललंय म्हणावं, तर पुढचा प्रश्न आलाच असता, मग दारच का नाही उघडत? मी मान खाली घालून निघालो. तेव्हा पहिल्यांदा मजा ओसरली. हातात करवत, खिशात कांदा, आणि कान तापलेले. ते उन्हाने नव्हते तापले.

शेवटी फळीचा चौकोन आमच्या बाजूला पडला. काकांनी तिकडून ट्यूबचा तुकडा ठोकला. आईने टोपलीचं झाकण काढलं आणि आम्ही सगळे मागे सरून बसलो. वडिलांच्या हातात झाडू होता.

रबर हललं. मांजरीचं डोकं आलं, मग खांदे. तिने आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ टोपलीत गेली, पिल्लाला एकदा चाटलं, आणि पाजायला न बसताच मानेला धरून उचललं. पिल्लू ओल्या बोळ्यासारखं लोंबत होतं. वडिलांचा झाडू वर गेला. आई त्यांच्याकडे पाहत राहिली. मांजरी भोकातून निघून गेली तेव्हा झाडू अजून वरच होता.

वडिलांनी तो खाली टाकला आणि दोन हात, दोन गुडघे टेकून भोकाशी वाकले. रबर बाजूला सारलं. "अरे, ते आमचं..." असं काहीतरी ते म्हणणार होते. पण पलीकडे काकाही तसेच हातापायांवर वाकलेले होते. दोघांची तोंडं वीतभर अंतरावर आली. दोघेही घामाघूम. कूलर चालू असून काकाही घामाघूम.

काकांनी मागे वळून कोठीकडे पाहिलं.

"पिऊन राहिलं, दादा," काका म्हणाले.

वडिलांनी मान हलवली. "राहू दे तिकडंच," ते म्हणाले.

मग ते उठायला गेले आणि गुडघा धरला गेला. मी आणि आईने दोन्ही काखांत हात घालून त्यांना उभं केलं. तिकडूनही काकूचा आवाज आला, "हळू, हळू, कंबर सांभाळा." म्हणजे तिकडेही तेच चाललं होतं. आईने तोंडात पदर कोंबला. मला वाटलं हसते आहे. नीट पाहिलं तर नव्हती हसत. वडील भिंतीला टेकून उभे राहिले, दाराकडे पाठ करून. करवतीचा भुसा त्यांच्या गुडघ्यांना, कोपरांना, मिशीलाही लागला होता. झटकायचं त्यांना सुचलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या सदर भागात चहाच्या टपरीवर मित्र जमले होते. घरचे, शेजारचे, कोणाचेही किस्से मी तिथे हातवारे करून, आवाज काढून सांगत असे आणि माझा चहा कायम फुकट असे. त्यांनी जागा करून दिली.

"बोल बे, काय नवीन?"

तोंडाशी आलं होतं सगळं. करवत, ट्यूब, अर्धी-अर्धी कड. असा माल पुन्हा मिळायचा नव्हता. मी कप उचलला.

"काही नाही गा," मी म्हणालो. "ऊन लय आहे."

त्या दिवशी चहाचे पैसे मी दिले.