खुर्ची फिरवून बसणाऱ्या अक्का

आमच्या मंडळाचं एकही नाटक अक्कांनी पाहिलं नाही. प्रयोग सुरू झाला की त्या पहिल्या रांगेच्या कडेला एक लोखंडी खुर्ची ओढून घ्यायच्या, रंगमंचाकडे पाठ करायच्या आणि पडदा पडेपर्यंत लोकांकडे बघत बसायच्या. नव्या माणसाला ते विचित्र वाटायचं. धरणगावात त्याचं कुणाला काही वाटत नसे. एकदा बाहेरगावच्या एका पाहुण्यांनी विचारलंच, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाटक ह्या पोरं करतस. मी मानसं देखस." दुसऱ्या दिवशी तालमीच्या खोलीत त्या आम्हाला सांगायच्या, की दुसऱ्या प्रवेशात मागच्या बायका उठून गेल्या, अमुक वाक्याला कुणी हसलं नाही, आणि खांबाला टेकलेले आबा झोपले ते गाण्यालाही जागे झाले नाहीत. त्यावरून नाना मुकाट्याने नाटकाला कात्री लावायचे.

नाना हे मंडळाचे दुसरे चालक. शाळेत चित्रकला शिकवायचे. नाटकं तेच लिहायचे, पेटी तेच वाजवायचे आणि चिडायचेही तेच. अक्का सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, मी मंडळात गेले तेव्हा नुकत्या निवृत्त झाल्या होत्या. दोघांचं काही नातं नव्हतं. नानांच्या बायकोचं बाळंतपण अवघड होतं, ते अक्कांनी निभावलं, तिथून ओळख. वाचनालयाच्या मागे पत्र्याची एक लांबट खोली होती, तेच मंडळ. नाना पाचला यायचे. त्याआधी अक्का येऊन झाडून, सतरंजी घालून, माठ भरून बसलेल्या असायच्या. अभिनयातलं आपल्याला काही कळत नाही, असं त्या सरळ सांगायच्या. फक्त तालीम चालू असताना मधेच खोलीच्या टोकाला जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "मांगला मानूसले आयकू येत नही." मग ते वाक्य पुन्हा म्हणावं लागे.

मंडळात मुली होत्या त्या अक्कांमुळे. मुलगी मागायला जायची त्यांची एक पद्धत होती. दुपारी, घरात पुरुष नसताना जायचं. बाई जे काम करत असेल त्यातलं अर्धं आपल्यापुढे ओढून घ्यायचं. आमच्या घरी आल्या तेव्हा आई गहू निवडत होती. अक्कांनी तासभर गहू निवडले. माझ्या आईच्या कंबरेचं विचारलं, मामाच्या लग्नाचं विचारलं, मंडळाचा शब्द काढला नाही. उठताना पदर झटकत म्हणाल्या, "उद्या पाच वाजता धाडजो पोरले." आई म्हणाली, "यांना काय सांगू?" अक्का म्हणाल्या, "सांग, अक्का म्हने, जशी लई जास तशी लई येसू." जशी नेते तशी परत आणीन, हा अक्कांचा शब्द वडिलांनी ऐकला आणि काही बोलले नाहीत. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं अक्कांच्या हातावर जन्मली होती. त्यांच्या शब्दावर बोलायची पद्धत नव्हती.

पल्लवीलाही त्यांनी असंच आणलं. ती आमच्याच गल्लीत, समोरच्या घरात राहायची. वडील कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आई रोजंदारीनं शेतात जायची. पल्लवी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, पण आवाज असा, की खोलीच्या टोकाला गेलेल्या अक्का काही न बोलता परत यायच्या. अक्का कुणाचं कौतुक करत नसत. फार झालं तर "चाली जाई", म्हणजे चालेल, एवढंच म्हणायच्या. पल्लवीचं पहिलं काम झालं त्या दिवशी त्यांनी तेवढंही म्हटलं नाही. नानांना म्हणाल्या, "ती बोलनी तवय कोनी खोकलं नही." पल्लवीनं ते वाक्य आठवडाभर घरोघर सांगितलं.

सातपुड्याच्या पायथ्याशी एका गावात आम्ही प्रयोगाला गेलो होतो. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर नाटक झालं, तिथेच वर्गात झोपलो आणि सकाळी चहा घेऊन परत निघालो. मला गाडी लागते, म्हणून अक्कांनी मला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं. पुढे खरं तर पल्लवी बसली होती. अक्का तिला म्हणाल्या, "तू मांगे ये, हिले ओकारी येस." पल्लवी हसत मागे गेली, अगदी दाराजवळ बसली. तासाभरानं रस्त्यात म्हैस आडवी आली. ड्रायव्हरनं गाडी कडेला दाबली, चाक कच्च्यावर उतरलं आणि जीप आडवी झाली. फार वेगही नव्हता. आमच्यातल्या बहुतेकांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही.

मला आठवतात ते अक्कांचे हात. त्यांनी मला कपाळावर ओढणीची घडी दाबून धरायला सांगितली. नानांचा हात मोडला होता, तो पडद्याच्या काठीला बांधला. ड्रायव्हर रडत होता, त्याला पाणी पाजलं. हे सगळं करताना त्या एकदाही घाई करत नव्हत्या. मला वाटलं, पल्लवीकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही. मी ओरडून सांगितलं. अक्का म्हणाल्या, "मी देखी उनू." त्या सगळ्यात आधी तिच्याकडेच जाऊन आल्या होत्या.

पल्लवीच्या घरी सांगायला त्या स्वतः गेल्या. नाना दवाखान्यात होते. मी आमच्या दारात कपाळाला पट्टी बांधून उभी होते. पल्लवीची आई ओट्यावर होती. अक्कांनी काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. पल्लवीच्या आईचं मात्र ऐकू आलं, कारण तिनं ते अगदी साध्या आवाजात विचारलं. "तूच सांगेल व्हतं ना, तशी लई येसू?"

अक्का म्हणाल्या, "सांगेल व्हतं."

मग बायका आल्या.

मंडळाची खोली बंद झाली. दिवसकार्य झाल्यावर एका दुपारी अक्का पल्लवीच्या घरी आल्या आणि ओट्यावर बसल्या. पल्लवीच्या आईनं दार लावून घेतलं. अक्का तासभर बसल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. मी खिडकीतून बघायचे. पल्लवीचे वडील कधी घरी असले तर त्यांच्या बाजूनं निघून जायचे, बोलायचे नाहीत. गल्लीतल्या बायका आधी हळहळल्या, मग कुजबुजल्या, मग त्यांनाही सवय झाली. शेतात काम असेल त्या दिवशी घराला कुलूप असे, तरी अक्का बंद दारापुढे तासभर बसून जायच्या.

पावसाळा सरत आला तेव्हा एकदा पल्लवीच्या आईनं दार उघडून त्यांच्या येण्याचं कारण विचारलं, "अक्का, तू आठे काब्र येस?"

"माले आखो कोठे जावानं समजत नही," अक्का म्हणाल्या.

ती आत गेली. मला वाटलं, आता दार लागेल. ती भुईमुगाच्या शेंगांचं टोपलं घेऊन बाहेर आली, दोघींच्या मध्ये ठेवलं आणि फोडायला बसली. अक्कांनीही एक मूठ उचलली. तासभर शेंगा फोडण्याचा आवाज येत राहिला. पुढे कधी बोलणं झालं असेल तर मला माहीत नाही.

त्या दिवसांत मी नेमानं कॉलेजला जात होते, जेवत होते, परीक्षाही पास झाले. मला रडू आलं नव्हतं. पुढची जागा, मागची जागा, एवढंच डोक्यात फिरायचं, आणि त्याचंही काही वाटायचं नाही. मला माझीच भीती वाटू लागली. अक्का नर्स होत्या, म्हणून एकदा त्यांना वाटेत गाठून विचारलं, "अक्का, मला काहीच वाटत नाही. हे काही दुखणं असतं का?"

त्यांनी डॉक्टरांसारखं माझ्याकडे नीट पाहिलं. म्हणाल्या, "हात आंगखाले दबी जास ना, तसं शे. हात शे, पन आपला नही. मनं बी तसंच शे."

म्हणजे त्यांचंही तसंच होतं. "मग काय करायचं?" मी विचारलं.

"काम करानं. रडू येवानं तवय यी. नही उनं तरी चाली जाई."

इतकं बोलून त्या भाजी घ्यायला निघून गेल्या. दिलासा म्हणावा असं त्यात काही नव्हतं. तरी त्या दिवसानंतर मी स्वतःला घाबरणं सोडलं. पुढे माझे वडील गेले तेव्हाही मी तशीच कोरडी राहिले. नातेवाईक माझ्याकडे बघत होते, मी सगळ्यांना चहा देत होते, आणि मला एकदाही लाज वाटली नाही.

वर्षभरानं नानांनी मंडळ पुन्हा सुरू करायचं ठरवलं. खोलीला पल्लवीचं नाव द्यावं, दारावर तिचा फोटो लावावा, असं त्यांच्या मनात होतं. नानांना तिचा फार लळा होता. ते अक्कांशी बोलले तेव्हा मी तिथे होते. अक्का म्हणाल्या, "फोटो नको, नाना."

"का नको? पोरीची आठवण राहील."

"तिनी माय याच वाटनं वावरमा जास. रोज तिले फोटो देखना पडी."

फोटो लागला नाही. खोली उघडली, अक्का पुन्हा झाडायला, माठ भरायला येऊ लागल्या. पण मुली मागायला त्या कुणाच्या घरी गेल्या नाहीत. नानांनी आडून सुचवून पाहिलं, एकदा स्पष्ट विचारलंही. "माले आते शब्द देवाले जमाव नही," असं त्या म्हणाल्या. आपणहून तर कुणी मुलगी पाठवणार नव्हतंच. मी तोवर बी.एड.साठी धुळ्याला गेले होते. त्या वर्षी नानांनी बाईचं एकही पात्र नसलेलं नाटक लिहिलं.

त्या प्रयोगाला मी धुळ्याहून आले. नाटक बरं होतं. अक्कांनी नेहमीसारखी लोखंडी खुर्ची ओढून घेतली आणि ती रंगमंचाकडे तोंड करून ठेवली. माझ्या शेजारच्या माणसानं मला कोपरानं खुणावलं. अक्का शेवटपर्यंत समोर बघत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नानांनी त्यांना विचारलं, लोकांना कसं वाटलं? अक्का म्हणाल्या, "माले लोकस्कडे देखवात नही." नानांनी पुन्हा तो प्रश्न काढला नाही. मंडळ अजून काही वर्षं चाललं. मग नानांचे डोळे अधू झाले, पोरं पुण्या-नाशिकला गेली, आणि खोली वाचनालयानं परत घेतली. भांडणतंटा झाला नाही, समारंभही झाला नाही. अक्कांनी सतरंज्या धुऊन, वाळवून, घडी करून वाचनालयाच्या ताब्यात दिल्या.

अक्कांचा मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. तो कधीपासून बोलावत होता. गुडघे फारच धरायला लागले तेव्हा त्या हो म्हणाल्या. मला त्यांनी फोन केला तो निघायच्या आदल्या दिवशी. मी सकाळच्या एसटीनं धरणगावला आले. स्टेशनवर मुलगा होता, दोन पिशव्या होत्या, आणि फलाटावरच्या बाकावर अक्का होत्या. ज्या गावात इतकी माणसं त्यांच्या हातावर जन्मली, तिथून त्यांना पोचवायला कुणी आलं नव्हतं. त्यांनी आणखी कुणाला सांगितलंच नव्हतं.

गाडी यायच्या थोडं आधी पल्लवीची आई आली. शेतातूनच आली होती, पायाला माती होती. तिनं फडक्यात बांधलेल्या भाकरी अक्कांच्या मांडीवर ठेवल्या. माझ्याकडे पाहून मान हलवली. गाडी आली, मुलानं पिशव्या चढवल्या, अक्कांना आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरून वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. पल्लवीची आई खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "पोचनी का फोन करजो."

अक्कांनी मान हलवली.

पोचल्याचा फोन त्यांनी तिला केला. मला दोन दिवसांनी आला.

गेल्या वर्षी अक्का गेल्या. मला ते त्यांच्या मुलाकडून कळलं नाही, पल्लवीच्या आईकडून कळलं. मी शिकवते त्या शाळेत मधली सुट्टी होती, तेव्हा तिचा फोन आला. तिनं सांगितलं, काल दुपारी, झोपेतच. मी "बरं" म्हणाले. तिच्या बाजूला बायकांचे आवाज येत होते.

"रडनी का तू?" तिनं विचारलं.

"नाही, मावशी."

"मी बी नही," ती म्हणाली. "आते ठेवस. कापूस येचाना शे."

तिनं फोन ठेवला. घंटा झाली होती. मी खडू घेतला आणि वर्गावर गेले.