पहिला शब्द

मास्तर गेल्यापासून आमची गल्ली बहिरी झाल्यासारखी वाटते. पिरनवाडीत त्यांनी अंगणातून मांजराला हाक मारली, की शेजारी आमच्या स्वयंपाकघरात बायको दचकायची. त्यांच्या घरात बोलायला दुसरं होतंच कोण? पण गुड फ्रायडेला हा खणखणीत आवाज एका वाक्यापाशी अडायचा.

त्या दिवशी त्यांच्या चर्चमध्ये येशूने क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. त्यांना ते ‘शब्द’ म्हणतात. मास्तर कोणताही शब्द घ्यायचे, फक्त पहिला नाही. पहिला म्हणजे, ‘हे बापा, त्यांना क्षमा कर.’

याचं कारण शेवटच्या बाकावर बसलेलं असायचं. ते मास्तरांचे थोरले भाऊ, मच्छे गावचे अण्णा. गुंजीहून येताना गाडी चालवता चालवता अण्णांचा डोळा लागला आणि मागे बसलेल्या मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांच्या पत्नी, जागीच गेल्या. अण्णा नंतर दारात येऊन रडले. मास्तरांनी दार लावून घेतलं. तेव्हापासून दर रविवारी दोघे भाऊ एका छपराखाली, आणि बोलणं नाही.

मास्तरांना चर्चला मीच स्कूटरवरून सोडायचो. एकदा चेष्टेने म्हटलं, “मास्तर, आमच्यात ज्याचं त्यालाच भोगावं लागतं. तुमचं बरंय, सगळ्यांचं पाप येशूनंच फेडलं!”

“बरं कुठलं रं? लई जड हाय ते. फुकट मिळालेलं दुसऱ्यालाबी फुकटच द्यावं लागतंय.” चढावर स्कूटर हळू झाली तेव्हा पुटपुटले, “अण्णाचं पाप प्रभूनं आपल्या खांद्यावर घेतलंय. मीच ते उतरवून परत त्याच्या डोक्यावर ठेवतोय.”

“मग बोला की त्यांच्याशी.”

“बोलतो. औंदा पहिला शब्द मी घेणार. त्याच्या देखत.”

मनातून मला फार बरं वाटलं. पण गुड फ्रायडे उजाडायच्या आधीच अण्णा झोपेत गेले.

मास्तरांनी घेतलेला शब्द परत केला नाही. त्या दिवशी मीही आत जाऊन बसलो होतो. ते उभे राहिले, शेवटच्या रिकाम्या बाकाकडे बघत म्हणाले, “हे बापा, मला क्षमा कर,” आणि खाली उतरले.

परतताना मला राहवलं नाही. “मास्तर, देवानं माफ केलं असेल की तुम्हाला.”

“त्यानं कवाच केलंय. त्यात संशय न्हाय.” त्यांनी मागून माझा खांदा धरला. “अण्णाच्या तोंडून ऐकायचं हुतं रं.”