चिखलात रुतलेलं झेब्र्याचं पिल्लू

मंडळी, सकाळपासून मन कशातच लागत नाही, म्हणून इथे लिहितेय.

आम्ही पाटोद्याची माणसं सुट्टीत नणंदेकडे केनियाला आलोय. आज सगळे अभयारण्य बघायला गेलो. इथेही यंदा पाऊस नाही. एका आटलेल्या पाणवठ्यात झेब्र्याचं पिल्लू पोटापर्यंत चिखलात रुतलं होतं. आई काठावर उभी होती.

माझे सासरे, दादा, गावच्या दूध सोसायटीत होते. दुष्काळात सोसायटीने चारा छावणी चालवली, तेव्हा भुकेने खाली बसलेल्या कितीतरी गाई त्यांनी पोटाखालून दोर घालून उभ्या केल्या होत्या.

ते लगेच नणंदेला म्हणाले, "गाडीत दोर हाय का, इचार ड्रायव्हरला. चौघं मिळून दोन मिनिटांत काढू."

तिने त्याला विचारलं. तो म्हणाला, इथे गाडीतून उतरायला बंदी आहे, आणि जनावरांच्या मधे माणसाने पडायचं नाही. तरी त्याने वनखात्याला फोन लावला. त्यांनीही तेच सांगितलं.

"आसं कसं न्हाई काढायचं?" दादा म्हणाले.

पिल्लू अजून मान उचलत होतं. दादांनी गाडीच्या दाराची कडी घट्ट धरली होती. मागे दुसऱ्या गाड्या थांबल्या, तशी आमची पुढे निघाली.

दुपारी ते जेवले नाहीत. आत्ता मला विचारलं, "पोरी, निघालं आसंल का गं ते?"

मी म्हटलं, "निघालं असेल, दादा." ते माझ्याकडे नुसतेच बघत राहिले.

तुम्ही काय सांगितलं असतं?